कडूबाईची कंबर

कडूबाईच्या आधी तिच्या आईची तीन लेकरं गेली होती. म्हणून चौथीचं नाव असं ठेवलं, की यमाला ती तोंडात घालावीशीच वाटू नये. युक्ती लागू पडली. कडूबाई जगली, शेळ्यांमागे हिंडून वाढली, शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर आसारामच्या घरी नांदायला आली आणि त्याच वर्षी दसरा झाल्यावर त्याच्यासोबत ऊस तोडायला गेली. तेव्हापासून तिने एकही हंगाम चुकवला नाही. आजारी पडायला सवड लागते आणि ती तिला कधी मिळालीच नाही.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ होतो. आसारामच्या टोळीत रिवाज ठरलेला होता, की तोडायचं गड्याने आणि वाहायचं बाईने. आसाराम ऊस बुडातून तोडत पुढे सरकायचा. कडूबाई मागून तो गोळा करायची, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायची. मोळी डोक्यावर घ्यायला खरं तर दुसऱ्याचा हात लागतो. पण दुसऱ्या बाईला हाक मारायची म्हणजे तिचाही खोळंबा आणि आपलाही. म्हणून कडूबाईने स्वतःची एक रीत बसवली होती. मोळी डाव्या मांडीवर ओढायची, कंबरेला एक हिसका द्यायचा आणि ती थेट डोक्यावर. नव्या सुना हे बघायला हातातलं काम सोडून उभ्या राहायच्या. मुकादम शहादेव सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं म्हणायचा, “कडूबाईकडं बगा रे, तिला हात लावाया माणूस लागत न्हाई.” कडूबाई पदराआड हसायची आणि पुढची मोळी त्याहून मोठी बांधायची. कौतुक माणसाकडून नको ते करून घेतं.

दुखणं काही एकदम आलं नाही. आधी सकाळी उठताना कंबर धरायची, मग दुपारीही धरायला लागली. मग डाव्या कुल्ह्यापासून टाचेपर्यंत कळ जायला लागली, तीही अशी की फळीवर मधेच थांबून दात आवळावे लागायचे. उसाच्या फडाजवळच्या दुकानात कंबरेची गोळी मिळायची. सकाळी चहाबरोबर एक आणि दुपारी भाकरीनंतर एक. गोळीने कळ झाकली जायची आणि कडूबाईला वाटायचं, बरं झालं. गावी परत आल्यावरही गोळ्या सुटल्या नाहीत. बसली की उठायला खांब लागायचा आणि उठली की बसायची भीती वाटायची.

वस्तीवर या दुखण्याचं निदान तयारच होतं. बाईची कंबर दुखते म्हणजे तिची पिशवी खराब झाली. पिशवी म्हणजे गर्भाशय. डोकं दुखलं तरी संशय पिशवीवर आणि जेवण गेलं नाही तरी पिशवीवरच. एकदा ती काढून टाकली की महिन्याची कटकट मिटते, हंगामात खाडा पडत नाही आणि कंबरही राहते, म्हणजे दुखायची थांबते, असं जो तो सांगायचा. सांगणाऱ्यांत ज्यांना पिशवी नसते अशा गड्यांचाही चांगला भरणा असायचा.

वस्तीवरच्या कितीतरी बायकांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. कडूबाईची धाकटी जाऊ मनिषा त्यातलीच. ही आसारामच्या धाकट्या भावाची, सिदूची बायको, दोन लेकरं झाल्यावर पंचविशीतच मोकळी झालेली. ती येता-जाता कडूबाईला टोकायची, “अक्का, कावून जीव झिजवायलीस? मला बग. एकदा गेलते, कायमची सुटले.”

शेवटी पोळा झाल्यावर मनिषाच तिला एका मोठ्या गावच्या खाजगी दवाखान्यात घेऊन गेली. कुठल्या, ते सांगून आता काही उपयोग नाही. तिथल्या डॉक्टरने दोन प्रश्न विचारले. कंबर दुखते का? अंगावरून पांढरं जातं का? दोन्हींना कडूबाईने मान डोलावली. डॉक्टर म्हणाला, पिशवी काढावी लागेल, ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. एवढं ऐकल्यावर पुढचं काही विचारायची छाती कुणाची होणार? घरी आल्यावर आसाराम म्हणाला, “डॉक्टरच म्हनतोय म्हणल्यावर आपण काय बोलायचं.” गणपती उठल्यानंतरची तारीख ठरली. दसऱ्यापर्यंत जखम वाळेल, मग टोळीबरोबर निघता येईल, असं सगळं बसवलं.

कडूबाई तशी भित्री नव्हती. उसाच्या फडात साप निघाला तर ती कोयता घेऊन पुढे व्हायची. पण त्या दिवसांत ती मनातून पार हबकली होती. अजून चाळिशीसुद्धा आली नव्हती. आपल्या आतलं काहीतरी कायमचं काढून टाकणार, हे आठवलं की तोंडातला घास फिरायचा. नाही काढलं, तर कॅन्सर. नवऱ्याशी हे बोलायचं कुठल्या तोंडाने, ते तिला समजत नव्हतं. मनिषाशी बोलावं, तर ती हसण्यावारी न्यायची.

ऑपरेशनला गाऊन लागतो, असं मनिषाने सांगितलं, म्हणून दोघी शिरूरच्या बाजारात आल्या. कडूबाईने जन्मात गाऊन घातला नव्हता. तिने फुलाफुलांचा एक पसंत केला, अंगाला लावून बघायला म्हणून वळली आणि तिथेच कळ आली. दुकानाचा खांब धरून ती वाकून उभी असताना मागून आवाज आला, “आगं कडू, तू म्हातारी कवा झालीस?”

ती जाईबाई होती. पलीकडच्या गावची, बरीच वर्षं एकाच टोळीत होती, फडावर दोघींच्या खोपट्या शेजारी शेजारी असायच्या. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा जाईबाईने कोयता खाली ठेवला तो ठेवलाच. तिने सगळी हकीकत तिथेच उभ्या उभ्या ऐकून घेतली, कडूबाईच्या हातातला गाऊन काढून दुकानदारापुढे टाकला आणि म्हणाली, “ह्यो ऱ्हाऊ द्या भाऊ. कडू, आदी माझ्या पोरीला दाखव. मंग काय कापायचं ते काप.”

जाईबाईची पोरगी म्हणजे आम्रपाली. तिचा दवाखाना बसस्टँडच्या मागे, दोन गाळ्यांचा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली आयुर्वेदाच्या पदवीचं प्रमाणपत्र आणि आत पाऊल टाकताच नाकात बसणारा तेलाचा वास. मनिषा कडूबाईच्या कानाशी लागली, “अक्का, ही तर काढ्याची डॉक्टर हाय.” कडूबाईलाही फार भरवसा नव्हता. जी पोरगी आपल्या डोळ्यांदेखत फडावर शेंबूड पुसत उसाच्या वाढ्यांची घरं बांधायची, ती आपल्याला काय बरं करणार? पण जाईबाईचा मान राखायचा म्हणून ती स्टुलावर टेकली.

आम्रपालीने अजिबात घाई केली नाही, याचंच कडूबाईला आधी नवल वाटलं. कुठे दुखतं, कशाने वाढतं, शिंक आली की कळ जाते का, पाय बधिर पडतो का, लघवीला अडतं का, असं सगळं तिने शांतपणे विचारलं. मग म्हणाली, “मावशी, बाळंतपणात बाजेवर किती दिवस होतीस?”

कडूबाईला हसू आलं. तिची दोन्ही लेकरं फडावरच्या खोपटीत झाली होती. धाकट्या ऋतुजाच्या वेळी तर आठवड्याच्या आत ती मोळ्या बांधत होती. “बाज कशाची गं, आम्रे? पाचटावर निजले अन् पाचटावरून उठले.”

आम्रपाली हसली नाही. “मोळी कशी उचलतेस ते दाखव,” म्हणाली.

कोपऱ्यात एक गादी गुंडाळून ठेवलेली होती. कडूबाईला आपल्या कसबाचा अभिमान होताच. तिने गादी डाव्या मांडीवर ओढली, कंबरेला हिसका दिला आणि “आई गं” म्हणून मटकन खाली बसली. आम्रपालीने तिला धरून टेबलावर निजवलं, पाय सरळ वर उचलून बघितला, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, “मावशी, यात पिशवीचा काय संबंध? इतकी वर्षं असे हिसके दिल्यावर बैलाचीसुद्धा कंबर गेली असती. पण नुसत्या माझ्या बोटांवर जाऊ नकोस. बीडला सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी आणि एक्स-रे करून ये. पिशवीत खरंच काही निघालं तर मी स्वतः तुला ऑपरेशनला पाठवीन.”

बीडला आसाराम सोबत गेला. दिवसभर रांगेत बसले, बरोबर नेलेली भाकरी जिन्याखाली खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आम्रपालीपुढे हजर झाले. पिशवी ठणठणीत होती. अंगावरून जायचं ते साध्या औषधाने थांबण्यासारखं होतं. दोष होता कंबरेच्या मणक्यांत. आम्रपालीने एक्स-रे उजेडापुढे धरून समजावलं, की दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते, ओझ्याने आणि हिसक्यांनी ती दबते, बाजूला सरते आणि पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकते. म्हणून कंबरेचं दुखणं टाचेत निघतं. “आमच्या शास्त्रात याला वात म्हणतात. ओझं, वेळी-अवेळी खाणं, बाळंतपणात न मिळालेला आराम, सगळं त्यात आलं. गोळीने नुसतं दुखणं कळेनासं होतं. आणि दुखणं कळेना, म्हणून तू अजून मोठी मोळी उचलतेस.”

आसारामने एक्स-रे हातात घेतला. मग त्याने एकच विचारलं, “पिशवी काढल्यावर कंबर ऱ्हाईल का?”

“नाही, दादा. कंबरेचं कारण तिथे नाहीच.”

“मंग न्हाई काढायची,” आसाराम म्हणाला.

कडूबाईला रडू फुटेल की काय असं झालं. तिला जे तोंडातून काढता आलं नव्हतं, ते या अबोल माणसाने दोन शब्दांत उरकलं होतं. पण बाहेर आल्यावर तो तिच्यावरच घसरला. “एवढी वर्सं मोळी एकटी उचलायलीस. हात लावा म्हणली असतीस तर मी आलो नसतो का?”

“तुमी मागं वळून कवा बगितलंत?” कडूबाई म्हणाली.

उपचार सुरू झाला. आम्रपालीने तिला पालथं निजवून कंबरेवर उडदाच्या पिठाच्या कणकेचं कडं बसवलं, जणू झाडाभोवतीच्या आळ्याचा बांध, आणि त्यात कोमट तेल ओतलं. निवलं की कापसाने टिपून घ्यायचं आणि पुन्हा गरम करून ओतायचं. कटिबस्ती म्हणतात याला. पहिल्या दिवशी कडूबाईचा जीव त्या पिठात अडकला होता. “आगं, ह्याचे वडे झाले असते गं चांगले,” ती टेबलावरून पुटपुटली. पण दुसऱ्यांदा तेल पडलं तशी ती गप्प झाली. कधी तरी आईने न्हाऊ घातलं असेल, त्यानंतर कुणी आपल्या अंगावर असं हळुवार काही ओतलेलं तिला आठवत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. खाली तोंड असल्यामुळे कुणाला दिसलं नाही, म्हणून तिने ते पुसलेही नाहीत.

घरी निरगुडीच्या पाल्याचा शेक घ्यायचा होता. शेळ्या चारायला गेलेला आसाराम रोज ओढ्याकाठून पाला तोडून आणायचा आणि काही न बोलता चुलीपाशी ठेवायचा. रात्री सुंठीच्या काढ्यात एरंडेल. ते पिताना कडूबाई असं तोंड करायची की ऋतुजा हसून लोळायची. त्याशिवाय उताणं पडून गुडघे मोडायचे आणि कंबर हळूच वर उचलायची, असे काही व्यायाम होते. आणि सगळ्यांत अवघड औषध होतं ते म्हणजे ओझं न उचलणं. गोळी, काढा, शेक हे सगळं बाई घेते. आराम घ्यायला सांगितला की तिला कुणी शिवी दिल्यासारखं वाटतं.

पाच-सहा दिवसांत कळ टाचेतून पोटरीवर आली, पोटरीतून मांडीवर. कडूबाईला वाटलं, झालो आपण बरे. घरात कुणी नव्हतं, आभाळ भरून आलं होतं आणि कडब्याच्या पेंढ्या उघड्यावर पडल्या होत्या. तिने त्यांचा भारा बांधला, सवयीने मांडीवर ओढला आणि दिला हिसका.

आसाराम आला तेव्हा ती अंगणात आडवी पडलेली होती. धड कुशीवर वळता येईना. मनिषा धावत आली, तिने भारा बघितला, कडूबाईला बघितलं आणि ताडकन म्हणाली, “म्हणले नव्हते मी? तेलानं कुटं पिशवीचं दुखनं जातंय व्हय? परवा तारीख हाय. अजून बी चला.” आणि खरं सांगायचं तर कडूबाईच्या मनातही तेच आलं. आपण चुकलो, डॉक्टरणीच्या तेलापायी तारीख घालवायला निघालो, आणि कॅन्सर झाला तर लेकरांना कोण बघेल? ती आसारामला म्हणाली, “जाऊया. काढून टाकूया.”

आसारामने आम्रपालीला फोन लावला. ती संध्याकाळी दवाखाना बंद करून स्कूटीवर वस्तीवर आली. तिने कंबर तपासली, शेक सांगितला आणि मग असा आवाज चढवला की गोठ्यातल्या शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. “तेलाला कशाला नावं ठेवता? हाड मोडलेल्या माणसाला प्लास्टर घातलं आणि त्याने त्याच पायाने विहिरीत उडी मारली, तर दोष प्लास्टरचा का? कडूमावशी, तुझी कंबर बरी होत होती. तू ती मोडलीस. परत बरी होईल, पण उचलणं बंद केलंस तरच. आणि यंदा ऊस नाही. मी इतकं कडक कुणाला सांगत नाही. माझी आई अशीच उचलायची, म्हणून सांगते.”

बाईविना कोयता अर्धा असतो. बाई न्यायची नसेल तर गड्याने काय करायचं, याला टोळीत उत्तरच नव्हतं.

तारीख आली आणि गेली. कडूबाई त्या दिवशी घरीच होती, कंबरेखाली गरम पाल्याची पुरचुंडी घेऊन. दसऱ्याच्या आधी मुकादम शहादेव कोयते पक्के करायला वस्तीवर आला. आसारामने त्याला चहा दिला आणि म्हणाला, “आमची बाई यंदा न्हाई.”

“मग कोयता कसा हुईल बे?” शहादेव म्हणाला.

“मी अन् सिदू मिळून एक. तो तोडंल, मी वाहीन. मी तोडीन, तो वाहील.”

सिदूने मोठ्या भावाकडे असं बघितलं, जणू त्याचं डोकं फिरलंय. शहादेव तर खो खो हसला. दोन मिशांचा कोयता त्याने उभ्या आयुष्यात नेला नव्हता. पण त्यालाही माणसं कमी पडत होती. तो हो म्हणाला. सिदूने दोन दिवस तोंड पाडून काढले आणि शेवटी तोही तयार झाला. अशा रीतीने त्या वर्षी टोळीचा ट्रक वस्तीवरून गेला तेव्हा कडूबाई आणि मनिषा, दोघी जावा, ट्रकमध्ये नव्हत्या, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. दिवाळी स्वतःच्या चुलीवर करायची कशी, हे दोघींना जवळजवळ नव्याने शिकावं लागलं.

महिन्याभराने सिदूचा फोन आला. मनिषाने स्पीकर लावला. इकडची तिकडची विचारपूस झाली, लेकरांची झाली, शेळ्यांची झाली. मग तो थांबला आणि म्हणाला, “वहिनी हायेत का जवळ?”

“हाय की, बोला भावजी.”

“वहिनी,” सिदू म्हणाला, “मोळी लई जड असती वो.”

मनिषा हसायला लागली. कडूबाई फोनच्या आणखी जवळ सरकली. वीस वर्षं जी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, ती या भोळ्या दिराने फोनवरून तिलाच सांगितली होती. मागून आसारामचा आवाज आला, त्याने फोन हिसकावून घेतला. “ऐक, आम्ही आता एकटं उचलत न्हाई. दोगं मिळून चढवतो. लोक हसत्यात, हसू दे.” कडूबाई म्हणाली, “बरं करता. मान जपा.” फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ चुलीपुढे बसून होती. नवरा आणि दीर आपल्यासाठी तिकडे हसं करून घेतायत, हे आठवून तिला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की भाकरी करपली.

कंबर हळूहळू वळणावर आली. पूर्ण बरी झाली असं नाही. थंडीत ती सकाळी कुरकुरायची आणि फार वेळ बसलं की आठवण द्यायची. पण कळ मांडीच्या खाली उतरत नव्हती आणि गोळ्या सुटल्या होत्या. कडूबाई खांब न धरता उठायची. शेळ्यांमागे ओढ्यापर्यंत जाऊन यायची. आम्रपालीकडे जाताना तांब्याभर शेळीचं दूध न्यायची. आम्रपाली नको म्हणायची आणि कडूबाई ऐकायची नाही. एकदा ती दारातच उभी राहून म्हणाली, “आम्रे, तुझे अन् तुझ्या आईचे उपकार मी फेडू शकत न्हाई. फेडणारबी न्हाई. ऱ्हाऊ दे अंगावर.” आम्रपालीने तिला आत ओढून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी कडूबाई शेळ्या घेऊन लवकर परतली, तर मनिषा गोठ्याच्या मागे भिंतीला हात टेकून वाकून उभी होती. तिच्या तळहातावर गोळी होती. तीच गोळी, कंबरेची. कडूबाईला बघून तिने मूठ मिटली.

“कवापासून?” कडूबाईने विचारलं.

मनिषाने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, “थांबलं कवा हुतं, अक्का?”

“अगं, मग मला कावून सांगायचीस, सुटले, सुटले म्हणून?”

“मला समद्यांनी तसंच सांगितलं हुतं. मीबी तसंच सांगितलं.” मनिषा भिंतीकडे बघत बोलत होती. “काढूनबी दुखतं म्हणून सांगितलं असतं, तर ह्यांनी म्हणलं असतं, आता काय नाटक? अन् मला वाटलं, तुझं तरी दुखायचं राहील.”

कडूबाईला राग आला. खरोखरचा राग, कानशिलं तापण्याइतका. या बाईच्या शब्दावर आपण टेबलावर निजायला निघालो होतो. पण मनिषाचं वाकलेलं अंग बघितलं, आणि तो राग कुणावर काढायचा तेच तिला कळेना. तिने मनिषाची मूठ उघडली, गोळी घेऊन उकिरड्यावर फेकली आणि म्हणाली, “तोंड धू. पावणेचारची गाडी धरायची.”

आम्रपालीने मनिषालाही तेच सगळं विचारलं, तितक्याच सावकाश. पाय उचलून बघितला, बीडला एक्स-रेला पाठवलं आणि कागद आल्यावर एक दिवस टेबलावर पालथं निजवलं. कणकेचं कडं बसवलं, तेल ओतलं. कडूबाई उशाशी स्टुलावर बसली होती. मनिषाचे डोळे मिटले होते. मग खाली तोंड ठेवूनच तिने विचारलं, “डॉक्टरीण बाई, मग माझी कावून काढली?”

आम्रपालीच्या हातातला कापूस तसाच राहिला. तिला खोटं बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. “तुझे तेव्हाचे कागद बघितल्याशिवाय मी नक्की सांगू शकत नाही, ताई. पण नुसत्या कंबरेसाठी काढली असेल, तर काढायला नको होती.”

मनिषाचं अंग हलायला लागलं. आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती आणि कड्यातलं तेल हिंदकळत होतं. कडूबाईने घाईने हात पुढे करून कडं सावरलं. आपली पिशवी वाचली, आता ही आपल्याला काय काय बोलेल, आपला किती दुस्वास करील, या धास्तीने ती थिजली होती. तेवढ्यात मनिषाने चाचपडत तिचा दुसरा हात शोधला आणि घट्ट धरला.

“अक्का,” ती म्हणाली, “तुझी राहिली. लई बरं झालं बग. लई बरं झालं.”

कडूबाईने तिचा हात सोडला नाही. थोड्या वेळाने ती आम्रपालीला म्हणाली, “तेल निवलं गं. दुसरं आण.”